तीन टाक्या आणि सात पावलं

बसा हो जरा. नळ गळतोय तो गळू द्या पाच मिनिटं, पळून नाही जात कुठे. वॉशर मी बसवतोच आहे, पण हा जुना नट तेल पिऊन सैल होईस्तोवर दोघांनी एकमेकांची तोंडं काय बघत बसायचं? त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. तुम्ही इमारतीत नवीन आलात, तेव्हा ती तुम्हाला कोणीतरी सांगणारच आहे, आणि वाकडी सांगणार आहे. वरच्या मजल्यावरचे जावकसाहेब तर नक्कीच. म्हणून ज्याची फजिती झाली त्याच्याच तोंडून ऐका.

मी या आवारातला प्लंबर. दोन इमारती, मधे फरशीचं अंगण, कोपऱ्यात पंपाची खोली. चाळीस वर्षं झाली. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे कागदाशी माझं कधी फार जमलं नाही. जे आहे ते डोक्यात. कुठला पाइप कुठून वळतो, कोणाच्या मोरीखाली कोणाचा कॉक आहे, दुसऱ्या मजल्यावर वळणाच्या एल्बोच्या जागी मी कुठे तीन तोंडांचा टी बसवून ठेवलाय, सगळं. आणि ते मला आठवावं लागत नाही हो, दिसतं. दुपारी जेवून आडवा झालो, डोळे मिटले, की मी पाणीच होतो. गच्चीवरच्या टाकीतून अलगद उतरायचं, अंधाऱ्या पाइपातून गारगार सरकायचं, कुणाच्या स्वयंपाकघरात घागरीत पडायचं, कुणाच्या न्हाणीघरात एखाद्या पोरीच्या ओल्या केसांवरून ओघळायचं नि परत जमिनीखाली शांत. कुठे गळती असेल तर तिथे मला जरा थंडी वाजते. बायको म्हणते, हे घोरतात. घोरत नाही, मी लाइन तपासत असतो.

तर मागच्या वर्षी काय झालं, तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे ना, त्याच आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी. शेजारच्या घराचा कॉक म्हणून मी त्यांचाच बंद केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आत खुर्चीवर एक गृहस्थ तोंड उघडून बसलेले, बाईंच्या हातातलं यंत्र कोरडं. वीस मिनिटं तो माणूस तसाच बसला, बोलताही येईना बिचाऱ्याला. मी सांगितलं, प्रेशर कमी आलंय. सगळ्यांनी मानलं. मला मात्र कळलं होतं. पाण्यात एक जागा अशी आली होती की तिथे मला काही दिसेना.

आणि नेमकं त्याच महिन्यात अंगणातली मोठी लाइन बदलायचं ठरलं. ठेकेदार आला, म्हणाला, आधी जुना मेन व्हॉल्व्ह सापडायला हवा. तो सापडला तर एक फरशी उचलायची, काम एका दिवसाचं. नाही सापडला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगण फोडायचं, आणि दोन्ही इमारती आठ दिवस कोरड्या. तो व्हॉल्व्ह तीस वर्षांपूर्वी मी या हातांनी पुरला होता, वर फरशी बसली, झालं. बाई मला म्हणाल्या, उगाच सगळे दात काढायला नकोत, दुखतो तेवढाच काढू. तुम्हाला जागा माहीत असेलच. मी म्हटलं, म्हणजे काय, झोपेत सांगेन.

घरी आलो, डोळे मिटले. अंगण दिसलं. फरशी दिसली. फरशीवर पडलेलं ऊन दिसलं. व्हॉल्व्ह दिसेना.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. पण माझी पुतणी आहे ना, दुसऱ्या शहरात कंप्युटरवर काम करते, ती चार दिवस राहायला आली होती, तिनं ओळखलं. मी चष्मा शोधतोय असं दाखवत अंगणात तीन फेऱ्या मारल्या, तर म्हणाली, काका, चष्मा डोळ्यांवर आहे, काय शोधताय खरं सांगा. सांगितलं. हसली नाही. तिचा जुना लॅपटॉप बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवला आणि म्हणाली, तुम्हाला जे जे आठवतं ते यात भरून ठेवू.

आता हे तुम्हाला नीट सांगतो, कारण जावकसाहेब यातच गोंधळ घालतात. तिनं केली एक खिडकी. तिला ते लोक एपीआय म्हणतात. पोस्टाच्या खिडकीसारखी समजा. आपण बाहेरून प्रश्न टाकायचा, 'दुसरा मजला, डावीकडचं घर, मोरीचा कॉक कुठे', आत कोणीतरी जातो, गोदामातून उत्तर आणतो, खिडकीतून आपल्याला देतो. ही खिडकी एका बंद डब्यात चालते, त्या डब्याला म्हणायचं कंटेनर. आणि सगळं घरातल्या घरात. बाहेर काही जात नाही, कुणाला दिसत नाही.

पण गोदाम कुठलं ठेवायचं याचं तिचं ठरत नव्हतं. म्हणून तिनं तीन लावली, तीन वेगळ्या डब्यांत. एक साधं, सगळं एका फाइलीत लिहून ठेवणारं. दुसऱ्याची खूण हत्ती, मोठं काम, भक्कम. आणि तिसरं नुसतं आठवणीत धरणारं, कुठेही न लिहिणारं, पण विचारलं की चटकन सांगणारं. भिंतीवर कागद चिकटवला. एक ओळ सगळं चालू करायची, एक बंद करायची, एक खिडकीचं तोंड या गोदामाकडून त्या गोदामाकडे फिरवायची. म्हणाली, काका, तिसरं फक्त माझ्या चाचणीला आहे हं, ते बंद केलं की रिकामं होतं. मी मान हलवली. प्लंबरला काय शिकवते ही? तीन टाक्या, एक नळ. माझा जन्म यात गेला.

इथे माझी चूक झाली, ती आत्ताच सांगून टाकतो. मला वाटलं, तिन्ही टाक्या एकाच लाइनवर आहेत. तिनंच तसं म्हटलं होतं, सगळे डबे एका नेटवर्कवर जोडलेत. आता गच्चीवर तीन टाक्या खालून एका पाइपानं जोडा आणि कुठल्याही एकीत पाणी सोडा. काय होतं? तिन्हींत सारखी पातळी येते. पाण्याला सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं मी हे डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा मी म्हटलं, कुठल्याही टाकीत भरलं तरी चालेल, आपोआप पसरेल.

पुतणी गेली आणि आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी सांगायचं, बायकोनं टाइप करायचं. तिची सातवी झालीय, शिवाय तिला धीर आहे. एका बोटानं टाइप करते, भाजी निवडल्यासारखी एक एक अक्षर बघून घेते.

पहिल्या दिवशी चालूच होईना. पुतणीला फोन लावला तर म्हणाली, पोर्ट अडलाय. मी म्हटलं, आता कसं बोललीस. तर आम्ही चालू करायची ओळ दोन ठिकाणी दोनदा दिली होती, आणि एका नळाला दोन पाइप कसे चढणार? एक काढला, चालू झालं. दुसऱ्या दिवशी हत्ती उठेना. खिडकी उघडायची, हत्तीकडे धावायची, तो अजून डोळे चोळत असायचा, आणि खिडकी रागानं बंद पडायची. तेही मला कळलं. टाकी भरायच्या आधी नळ सोडला की फुसफुसतोच. पुतणीनं सांगितल्यावर एक शब्द वाढवला, मग खिडकी हत्ती उठेपर्यंत थांबायला लागली. मला तर त्या हत्तीबद्दल आपुलकीच वाटायला लागली. मीही सकाळी तसाच उठतो.

मग आले शेजारी. जावकसाहेब म्हणजे कुठल्याशा कचेरीत पस्तीस वर्षं जावक रजिस्टर सांभाळलेले गृहस्थ. येणारं पत्र दुसरा माणूस घेई, जाणाऱ्यावर हे नंबर टाकत. त्यामुळे कुठलीही गोष्ट जाताना त्यांना दिसते. ते येऊन खुर्चीत बसले, तिन्ही गोदामांची माहिती घेतली आणि म्हणाले, तीन आहेत हे उत्तम, कुठलीही नोंद तीन प्रतींत असावी. फक्त शिक्का कुठे मारायचा? मी म्हटलं, शिक्का नाही. तर ते काळजीत पडले. बिनशिक्क्याच्या माहितीवर अंगण फोडणं त्यांना पटेना.

त्यांनीच कुठेतरी बोलून दाखवलं असणार, कारण दोन दिवसांनी दारावर सोसायटीची नोटीस. 'आपण आपल्या घरात तीन कंटेनर ठेवल्याचे समजते. त्यामुळे जिन्यात अडथळा होत असल्यास ते सात दिवसांत हलवावेत.' मी तसाच खाली गेलो. बाई कुणाचा तरी दात साफ करत होत्या. मी समजावलं की हे कंटेनर दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, मग तसं लिहून द्या. मी लिहून दिलं, म्हणजे बायकोनं लिहिलं, की आमच्याकडचे तिन्ही कंटेनर अदृश्य असून जिन्यात नाहीत. तो अर्ज आजही सोसायटीच्या फाइलीत आहे, बघून घ्या. जावकसाहेबांनी त्यावर नंबर टाकलाय.

पण दुपारी मात्र मजा असायची हो. जेवणं झालेली, पडद्यातून उन्हाची तिरीप शिलाई मशीनवर पडलेली, लॅपटॉपचा पंखा बारीक आवाजात गुणगुणतोय. मी आडवा, डोळे मिटलेले. मी पाइपातून सरकतोय आणि बोलतोय, आणि दुरून तिच्या बोटाचा आवाज येतोय, टक, टक, जसा छतावरून एक एक थेंब पडतो. एक घर सांगायला लागलो की मागोमाग आणखी काय काय यायचं. त्या घरची आजी नळाशी बोलायची. त्या घरात नवं जोडपं आलं तेव्हा त्यांनी गरम पाण्याच्या नळातून गार पाणी आलं म्हणून तक्रार नाही केली, हसत बसले. बायको तेही टाइप करायची. मी म्हणायचो, अगं, ते कशाला? ती म्हणायची, राहू द्या, जागा आहे.

फाइलवाली टाकी आम्ही पहिल्या काही दिवसांत भरली, काही हत्तीच्या पोटात गेलं. पण मला सगळ्यात आवडायची ती तिसरी. विचारलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर. आमचा ओघ चांगला लागला की मी म्हणायचो, आज तिसरीत सोड.

आणि एका दुपारी तो आला. मी पाण्यातून जात होतो, अंगणाखाली, गार, काळोख, आणि समोर मेन व्हॉल्व्ह. पितळी चाक, त्याला लाल रंग, माझ्याच हातचा. मी जसा दिसला तसा सांगितला, जागा सांगितली, अंतर सांगितलं, उलटा फिरतो हेही सांगितलं. बोट टकटकत होतं. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच झोप लागली.

जागा झालो तर सगळं पुसलेलं. स्वप्न पुसतं ना, तसं. लाल रंग तेवढा राहिला होता. पण मी घाबरलो नाही. म्हटलं, आपल्या डोक्यात नसेना, टाकीत आहे. उठलो, शर्ट चढवला, बाईंना सांगायला निघालो की बोलवा ठेकेदाराला. आणि निघताना, तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांची सवय, घराबाहेर पडायचं म्हणजे पाण्याचा मेन कॉक बंद, गॅस बंद, आणि भिंतीवरच्या कागदावरची बंद करायची ओळ. काही चालू ठेवून मी कधी उंबरा ओलांडलेला नाही.

रविवारी सकाळी सगळे अंगणात. दोन्ही इमारतींची माणसं, ठेकेदार, त्याचे दोघे कामगार. लॅपटॉप स्टुलावर. मी धुतलेला शर्ट घातला होता. जावकसाहेबांनी आधी एक सोपा प्रश्न विचारायला लावला, त्यांच्याच मोरीचा कॉक. खिडकीनं बरोबर सांगितलं. लोकांनी मान डोलावली. मग मी म्हटलं, आता विचारा, मेन व्हॉल्व्ह कुठे.

खिडकी म्हणाली, चारशे चार, सापडलं नाही.

जावकसाहेब म्हणाले, आपल्याकडे चारशे चार नंबरचं घरच नाही, इमारत तीन मजल्यांची आहे. मी म्हटलं, थांबा, तोंड हत्तीकडे फिरवतो. हत्ती उठेपर्यंत सगळे उन्हात उभे. उठला, सावकाश सगळं पोट शोधलं, आणि तोही म्हणाला सापडलं नाही. मग तिसरी. तिनं सगळ्यात चटकन नाही म्हणून सांगितलं.

मी पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, काका, कुठल्या गोदामात टाकलं होतं? मी म्हटलं, तिसऱ्यात, पण त्यानं काय फरक पडतो, एकाच लाइनवर आहेत ना? मग ती हळू म्हणाली, "काका, लाइन एक आहे, पण त्यांच्यात काही वाहत नाही. खिडकी ज्याच्याकडे बघते त्याच्यातच भरतं. आणि तिसरं बंद केलं की रिकामं होतं, सांगितलं होतं ना."

मी फोन खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला अशा टाक्या भेटल्या होत्या ज्यांच्यात पातळी येत नाही.

बाई जवळ आल्या. चांगल्या आहेत स्वभावानं, पण दात दुखतोय तिथेच बोट ठेवायची सवय. म्हणाल्या, "मशीन राहू द्या. तुम्हीच सांगा ना. तुम्ही तर झोपेत सांगणार होतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ठेकेदारानं पहार फरशीला टेकवली. मी डोळे मिटले. अंगण आलं. फरशी आली. ऊन आलं. पाण्यात शिरलो, सरकत गेलो, आणि ती जागा आली जिथे काही नसतं. किती वेळ तिथे होतो कुणास ठाऊक. कबुतरं फडफडल्याचं ऐकू आलं. मग डोळे उघडले आणि म्हटलं, "आठवत नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावले असते.

तेवढ्यात वरून, आमच्या गॅलरीतून, बायकोचा आवाज. "थांबवा ती पहार. आले मी."

आली. हातात कपड्यांचे चिमटे तसेच. जिन्याच्या शेवटच्या पायरीला टाच लावून उभी राहिली, पंपाच्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं आणि चालायला लागली. तोंडानं मोजत. सातव्या पावलाला थांबली. म्हणाली, इथे.

ठेकेदार म्हणाला, बाई, नक्की का? ती म्हणाली, "यांनी पुरला त्या दिवशी मी डबा घेऊन आले होते. यांचा पाय मुरगळला होता आणि टेप खड्ड्यात पडली होती. मला म्हणाले, तू चाल, मी तुझी पावलं मोजतो. लग्नाला तेव्हा महिना झाला होता. मी कशाला विसरेन?"

फरशी उचलली. हातभर माती काढली. पितळी चाक, लाल रंगाचा एक टवका अजून शिल्लक. ठेकेदारानं पाना लावून जोर केला, हलेना. मी खाली बसलो, दोन्ही हात चाकावर ठेवले. मला काही आठवत नव्हतं हो, खरंच. पण हातांनी मला विचारलंच नाही. ते आपले उलट्या दिशेला वळले आणि व्हॉल्व्ह लोण्यासारखा फिरला. खाली पाणी थांबल्याचं मला पायांतून कळलं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, अगं, तुला माहीत होतं तर त्या दुपारीच का नाही बोललीस? ती म्हणाली, मला कोणी विचारलं का? मग म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून इतकं छान सांगत होतात. मधे कशाला बोलायचं?"

पुतणी नंतर येऊन तिसऱ्या डब्यालाही बाहेर लिहून ठेवायची सोय करून गेली. आता बंद केला तरी रिकामा होत नाही. आम्ही रोज दुपारी भरतो अजून, तिन्हींत एकेक करून, प्रत्येकीत सगळं. मेन व्हॉल्व्हच्या नोंदीत बायकोनं स्वतः टाइप केलंय, 'सात पावलं, माझी, यांची नव्हे.' माझी चाल लांब पडते, माझ्या सात पावलांनी तुम्ही पंपाच्या खोलीत जाऊन धडकाल. जावकसाहेबांनी ते रजिस्टरातही चढवलंय, नंबर टाकून.

हं, सुटला बघा नट. वॉशर दोन मिनिटांत बसतो. पण तुमचं दार नेमकं त्या जिन्यासमोर आहे, म्हणून एक मागणं आहे. सात पावलं, शेवटच्या पायरीपासून, पंपाच्या खोलीकडे, तिची. तुम्हीही एवढं ठेवा लक्षात. आणि कधी मी जिन्यात भेटलो आणि तुम्हाला विचारलं की व्हॉल्व्ह कुठे हो, तर 'परवाच तर तुम्हीच मला सांगितलंत' असं म्हणू नका. पहिल्यांदाच विचारतोय असं समजून सांगा.